दूरच्या यंत्रांची शुश्रूषा

जळकोटच्या तहसील कचेरींत सातबाऱ्याचा उतारा मागावयास आलेला शेतकरी, स्वस्त धान्याच्या दुकानांत यंत्रावर अंगठा टेकविणारी आजीबाई, आणि शालान्त परीक्षेच्या निकालाकडे डोळे लावून बसलेला विद्यार्थी, हीं तिन्ही माणसें दिसावयास निरनिराळ्या ठिकाणीं असलीं, तरी वस्तुतः तीं एकाच प्रकारच्या दाराशीं उभीं असतात. तें दार आमच्या गांवांत नाहीं. त्यांस ज्या नोंदी हव्या असतात, त्या मुंबई, पुणें, बंगळूर अशा दूरच्या शहरांतील थंड ठेविलेल्या दालनांत, रात्रंदिवस चालणाऱ्या यंत्रांत सांठविलेल्या असतात. नॅशनल इन्फॉर्मेटिक्स सेंटर या सरकारी संस्थेचें असें एक मोठें माहितीकेंद्र पुण्यास आहे. जळकोटपासून तें तीनशें किलोमीटरांहूनही दूर पडतें. यंत्र चालू असेल आणि तेथवरची वाट मोकळी असेल, तर उतारा क्षणार्धांत हातीं येतो. दोहोंपैकीं एक जरी बिघडलें, तरी "सर्व्हर बंद आहे, उद्यां या" हें वाक्य ऐकून माणूस परत फिरतो. आणि उद्यांचा फेरा म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडाली, हें आमच्या पालकवर्गास सांगावयास नको.

असें हें दूरचें यंत्र मध्यरात्रीं अडून बसलें, तर त्यास जागें कोण करितो, आणि तो तेथवर पोहोंचतो तरी कोणत्या वाटेनें, या प्रश्नाचा विचार आम्ही या लेखांत करणार आहों. प्रश्न यंत्रविद्येचा दिसतो खरा. परंतु त्याच्या मुळाशीं असलेलें तत्त्व इतकें साधें आहे कीं, तें आमच्या खालच्या इयत्तांतील मुलांसही सहज समजावें.

प्रथम नांवांची ओळख करून घेऊं. मागितलेली माहिती शोधून पुरविणारें जें यंत्र, त्यास सर्व्हर म्हणतात. आणि माहितीचे तुकडे ज्याच्या त्याच्या पत्त्यावर धाडणारें जें यंत्र, त्यास राउटर म्हणतात. सर्व्हर हा दप्तरखान्यांतील कारकून आणि राउटर हा टपाल कचेरींत पत्रांची छाननी करणारा माणूस, असें समजल्यास चालेल. हीं यंत्रें ज्या तारांनीं व प्रकाशतंतूंनीं परस्परांस जोडिलेलीं असतात, त्या साऱ्या जाळ्यास नेटवर्क अशी संज्ञा आहे. ज्या दालनांत हीं यंत्रें असतात, तेथें पहारेकरी असतो. पण यंत्राचा जाणकार बहुधा तेथें नसतो. एकेका जाणकाराकडे शेंकडों यंत्रें, आणि तींही दहा गांवीं विखुरलेलीं. तेव्हां तो आपल्या जागीं बसूनच, नेटवर्कच्या वाटेनें, यंत्रास आज्ञा पाठवितो. या कामासाठीं आज सर्वत्र रूढ असलेली एसएसएच नांवाची रीत फिनलंड देशांतील तातू युलोनेन यांनीं १९९५ सालीं तयार केली. हींत आज्ञा गुप्त लिपींत गुंडाळून जात असल्यामुळें वाटेंत ती कोणास वाचतां येत नाहीं.

ही व्यवस्था सोयीची आहे, स्वस्त आहे, आणि वर्षांतील बहुतेक दिवस पुरेशी आहे. परंतु तिच्यांत एक उणीव आहे. ज्या वाटेनें लोकांची माहिती जाते, त्याच वाटेनें जाणकाराची आज्ञाही जाते. आतां कल्पना करा कीं, लातूर येथील एखाद्या राउटरमध्यें कांहीं फेरफार करण्याचें काम पुण्यास बसलेल्या माणसाकडे आहे. त्यानें दहा ओळींची आज्ञा धाडली, आणि तींतील एक ओळ चुकीची निघाली. त्या ओळीनें नेमका पुण्याकडे येणारा रस्ताच बंद केला. चूक त्याच्या तत्काळ ध्यानांत येते. ती कशी सुधारावी हेंही त्यास ठाऊक असतें. परंतु सुधारणेची आज्ञा जावयाची ती त्याच रस्त्यानें, आणि तो रस्ता तर त्यानेंच बंद केलेला! शेखचिल्लीनें बसल्या फांदीवरच कुऱ्हाड चालविली, ही गोष्ट ऐकून आपण हंसतों; पण मोठमोठे बुद्धिमान् लोकही अशा फांदीवर बसतात. आतां कोणी तरी मोटारींत बसून, रात्रभर प्रवास करून, त्या यंत्रासमोर जाऊन उभें राहिल्यावांचून गत्यंतर नसतें. तोंवर त्या राउटरवर अवलंबून असलेलीं सारीं गांवें अंधारांत.

यावरून एक नियम निघतो, तो असा: उपायाची वाट अपायाच्या वाटेवर अवलंबून असतां कामा नये. ज्या रस्त्याची दुरुस्ती करावयाची, त्याच रस्त्यानें दुरुस्तीचें सामान आणण्याचा बेत केला, तर तो ऐन वेळीं फसणार. म्हणून यंत्रांच्या देखरेखीसाठीं एक निराळी, अरुंद कां होईना, पण सर्वस्वीं स्वतंत्र वाट अगोदरपासूनच राखून ठेवावी लागते. या पद्धतीस आउट ऑफ बँड मॅनेजमेंट असें नांव आहे. म्हणजे नेहमींच्या प्रवाहाबाहेरून केलेली देखरेख.

हें तत्त्व नवें नाहीं. आमच्या शेजारीं उदगीरच्या स्थानकावरून विकाराबाद ते परळी या मार्गानें गाडी जाते, ती पुष्कळांनीं पाहिली असेल. एकेरी रुळांवर समोरासमोर दोन गाड्या येऊं नयेत म्हणून एका स्थानकाचा मास्तर पुढच्या स्थानकाच्या मास्तरास आधीं विचारतो. रूळ मोकळे असल्याचा होकार, ज्यास लाइन क्लिअर म्हणतात, तो मिळाल्यावरच गाडी सुटते. हा प्रश्न व हें उत्तर गाडींत बसून जात नाहीं, तारेनें जातें. रुळांवर अडथळा असल्याची बातमी जर रुळांवरून येणाऱ्या गाडीनेंच आणावयाची असती, तर ती बातमी अपघातानंतरच मिळाली असती. म्हणून गाडीची वाट निराळी आणि गाडीविषयींच्या निरोपाची वाट निराळी, हा भेद रेल्वेनें फार पूर्वीं ओळखला होता.

शास्त्रपाठाच्या तासाला ऐकलेली एक कथाही येथें विद्यार्थ्यांस आठवेल. मार्ककृत शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायांत कफर्णहूम येथील एका घराची हकीकत आहे. घर माणसांनीं इतकें भरलें होतें कीं, दाराशींही जागा उरली नव्हती. एका पक्षघाती मनुष्यास चौघांनीं उचलून आणिलें होतें. दारानें जाणें अशक्य, असें पाहून ते माघारीं फिरले नाहींत. त्यांनीं वरून छप्पर उघडलें आणि त्यास बाजेसकट आंत सोडलें. त्या कथेचा मुख्य बोध श्रद्धेविषयींचा आहे, हें आम्ही जाणतों. तथापि आमच्या विषयास लागू अशी एक गोष्ट तींत स्पष्ट दिसते. दाराशीं गर्दी झाली असतां दाराशींच अधिक जोरानें ढकलाढकली करून कांहीं साधत नाहीं. वाट दुसरीकडून काढावी लागते. यंत्रांच्या जाणकारांनीं एवढेंच केलें कीं, छप्पर उघडण्याची सोय घर बांधतांनाच करून ठेविली.

ती सोय कशी असते, तें आतां पाहूं. राउटरच्या अंगावर पुष्कळशीं छिद्रें असतात; त्यांत माहिती नेणाऱ्या तारा खोंवतात. पण त्यांतच एक छिद्र निराळें असतें, त्यास कन्सोल म्हणतात. या छिद्रांतून लोकांची माहिती जात येत नाहीं. तें केवळ यंत्राशीं बोलण्यासाठीं असतें. त्याची भाषाही जुनी व साधी आहे. १९६० सालीं अमेरिकेंत ठरविलेल्या आरएस-२३२ नांवाच्या पद्धतीवर ती आधारलेली असते, आणि पुष्कळ यंत्रांत तिचा वेग सेकंदास ९६०० बिट, म्हणजे सुमारें ९६० अक्षरें, इतकाच असतो. चित्रपट पाहणाऱ्यास हा वेग हास्यास्पद वाटेल. पण आज्ञा ही दोन चार ओळींचीच असते, आणि यंत्र रोगग्रस्त असतांना धांवण्यापेक्षां बोलतां येणें महत्त्वाचें. राउटरचें सर्व नेटवर्क कोलमडलें तरी हें छिद्र बहुधा जिवंत राहतें.

अशा अनेक यंत्रांच्या कन्सोलच्या तारा एका लहान पेटींत आणून जोडतात. तीस कन्सोल सर्व्हर म्हणतात. या पेटीस बाहेरच्या जगाशीं जोडणारी वाट मात्र मुख्य नेटवर्कची नसते. पूर्वीं ती साध्या टेलिफोनची तार असे; जाणकार आपल्या घरून त्या क्रमांकावर टेलिफोन करी आणि मोडेम नांवाचें उपकरण त्याचीं अक्षरें ध्वनींत व ध्वनि पुन्हां अक्षरांत पालटी. आतां तीच कामगिरी पुष्कळ ठिकाणीं भ्रमणध्वनीच्या सिम कार्डाकडे सोंपविलेली असते. मुख्य तंतु एका कंपनीचा असेल, तर हें कार्ड दुसऱ्या कंपनीचें घेतात.

सर्व्हरच्या बाबतींत याहूनही नवलाची योजना आहे. चांगल्या सर्व्हरच्या पोटांत, त्याच्या मुख्य फळीवर, एक चिमुकला स्वतंत्र संगणक बसविलेला असतो. त्यास बीएमसी म्हणतात. त्याचा मेंदू निराळा, स्मरण निराळें, आणि नेटवर्कचें छिद्रही बहुधा निराळें. मोठा सर्व्हर झोंपला असो वा मूर्च्छित पडला असो, विजेची तार जोडलेली आहे तोंवर हा लहान पहारेकरी जागाच असतो. सर्व्हरचें तपमान किती, पंखे फिरतात कीं नाहीं, वीज नीट येते कीं नाहीं, हें तो सांगतो. सर्व्हर बंद करून पुन्हां चालू करितो. एवढेंच नव्हे, तर सर्व्हरच्या पडद्यावर काय उमटलें आहे तेंही दूरच्या माणसास दाखवितो. निरनिराळ्या कंपन्यांच्या अशा पहारेकऱ्यांशीं एकाच भाषेंत बोलतां यावें, म्हणून इंटेल, ह्यूलेट पॅकार्ड, एनईसी व डेल या चार कंपन्यांनीं मिळून १९९८ सालीं आयपीएमआय नांवाची पद्धति प्रसिद्ध केली. पुढें २०१५ सालीं रेडफिश ही अधिक सुधारलेली पद्धति निघाली. याशिवाय विजेची एक खास पट्टी असते. तिच्यांतील प्रत्येक खोबणीची वीज दुरूनच बंद वा चालू करितां येते. कांहीं केल्या यंत्र ऐकेनासें झालें, म्हणजे त्याची वीज तोडून पुन्हां देण्याचा हा अखेरचा उपाय.

आतां मघांचा प्रसंग पुन्हां घ्या. पुण्याच्या माणसानें चुकीची ओळ धाडली आणि रस्ता बंद झाला. परंतु या खेपेस लातूरच्या दालनांत कन्सोलची पेटी आहे. तो सिमच्या वाटेनें पेटीशीं बोलतो, पेटी त्यास राउटरशीं बोलूं देते, आणि चुकीची ओळ पुसली जाते. रात्रभराच्या प्रवासाचें काम पांच दहा मिनिटांत आटोपतें. सकाळीं कचेरी उघडते, तेव्हां रात्रीं कांहीं घडलें होतें हें कोणाच्या गांवींही नसतें.

ही दुसरी वाट नसली, किंवा ती नांवापुरतीच निराळी असली, म्हणजे काय होतें, याचें उदाहरण आमच्या बहुतेक वाचकांनीं स्वतः अनुभविलें आहे. ४ ऑक्टोबर २०२१, सोमवार. रात्रीं नऊ वाजून गेल्यावर व्हॉट्सॲप, फेसबुक व इन्स्टाग्राम हीं तिन्ही एकाएकीं बंद पडलीं. आपलाच भ्रमणध्वनि बिघडला असें समजून पुष्कळांनीं तो बंद चालू करून पाहिला असेल. बिघाड हजारों कोसांवर होता. त्या कंपनीनें मागाहून जी हकीकत प्रसिद्ध केली, ती अशी: कंपनीचीं जगभरचीं माहितीकेंद्रें जोडणाऱ्या मुख्य मार्गांची तपासणी चालू असतां एक आज्ञा दिली गेली, आणि तिनें ते सर्व मार्गच तुटले. असल्या घातक आज्ञा अडविण्यासाठीं एक तपासनीस योजना होती. पण तिच्यांतच दोष असल्यामुळें तिनें ही आज्ञा अडविली नाहीं. इंटरनेटवर प्रत्येक मोठी संस्था "आमच्याकडे येण्याची वाट ही" अशी जणूं सतत दवंडी पिटीत असते. या कंपनीचीं पत्ता सांगणारीं जीं यंत्रें, त्यांचा माहितीकेंद्रांशीं संबंध तुटतांच त्यांनीं, ठरलेल्या नियमाप्रमाणें, आपली दवंडी थांबविली. त्यासरशी जगाला त्या कंपनीचा पत्ताच लागेनासा झाला.

पुढचा भाग आमच्या विषयाच्या दृष्टीनें अधिक महत्त्वाचा आहे. दुरुस्ती करणाऱ्या जाणकारांची नेहमींची वाट तर बंद झालीच. पण संकटासाठीं राखलेली स्वतंत्र वाटही त्या वेळीं बंद होती, असें कंपनीनें स्वतःच सांगितलें आहे. बिघाड शोधण्याचीं साधनेंही त्याच नेटवर्कवर अवलंबून असल्यामुळें निरुपयोगी झालीं. घराला कुलूप लागलें आणि किल्ली आंतच राहिली, तशी गत झाली. शेवटीं माणसें प्रत्यक्ष माहितीकेंद्रांवर धाडावीं लागलीं. परंतु तीं दालनें परक्यास सहज शिरतां येऊं नये अशा रीतीनेंच बांधलेलीं. त्यामुळें आपल्याच माणसांस आंत जाऊन यंत्रांस हात लावण्यास वेळ लागला. आपल्याकडे पहांटेचे साडेतीन वाजावयास आले, तेव्हां कोठें सेवा पूर्ववत् होऊं लागली. सहा तासांहून अधिक काळ गेला, तो चूक शोधण्यांतच गेला असें नव्हे. चुकीपर्यंत पोहोंचण्यांतही त्याचा मोठा वांटा होता.

दुसरें उदाहरण कॅनडा देशाचें. ८ जुलै २०२२ रोजीं तेथील रॉजर्स या मोठ्या कंपनीचें टेलिफोन व इंटरनेटचें जाळें देशभर बंद पडलें. एक कोटी वीस लाखांहून अधिक ग्राहकांस त्याची झळ लागली. पुष्कळांस पोलिसांस वा रुग्णवाहिकेस बोलावण्याचा टेलिफोनही लागेना. कारण पुन्हां तसेंच: फेरफार करतांना माहितीचा लोंढा आवरणारा एक नियम पुसला गेला आणि मुख्य यंत्रांवर न झेपणारा भार आला. त्या देशाच्या दूरसंचार नियामकांसाठीं केलेल्या चौकशींत असें दिसून आलें कीं, देखरेखीची वाट ही त्या मुख्य जाळ्यावरच अवलंबून होती. म्हणून यंत्रांच्या नोंदी पाहून कारण उमगावयास सुमारें १४ तास लागले. कंपनीच्या माणसांचे टेलिफोनही स्वतःच्याच जाळ्यावरचे असल्यामुळें त्यांस एकमेकांशीं बोलतां येईना. तेव्हां प्रतिस्पर्धी कंपन्यांचीं सिम कार्डें मिळवून तीं त्यांच्या हातीं द्यावीं लागलीं.

आमच्या महाराष्ट्रांतलाही एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. तो देखरेखीच्या वाटेचा नसून व्यवहाराच्या वाटेचा आहे; परंतु त्यांतून मिळणारा धडा येथें अगदीं लागू पडतो. २४ फेब्रुवारी २०२१ रोजीं मुंबईच्या नॅशनल स्टॉक एक्स्चेंज या शेअरबाजाराचे व्यवहार सकाळीं ११ वाजून ४० मिनिटांनीं थांबवावे लागले, ते दुपारीं पावणेचार वाजतां पुन्हां सुरू झाले. या संस्थेनें सावधगिरी म्हणून आपल्या दोन केंद्रांमधील दुवे दोन निरनिराळ्या कंपन्यांकडून घेतले होते. तरी त्या दिवशीं दोन्ही दुवे बिघडले. त्या दोन केंद्रांमधील रस्त्याच्या कडेनें चाललेलें खोदकाम व बांधकाम हें त्याचें कारण असल्याचें संस्थेनें मागाहून सांगितलें. म्हणजे कंपन्या दोन, पण कुदळीचा घाव दोघींवरही पडला. आमच्या खेड्यापाड्यांतही रस्तारुंदीच्या वेळीं तंतु तुटल्याच्या तक्रारी नव्या नाहींत. तेव्हां दुसरी वाट खरोखर दुसरी आहे कीं नाहीं, हें कागदावर पाहून भागत नाहीं. ती जमिनींत कोठून जाते, तिला वीज कोठून मिळते, तिची किल्ली कोणाजवळ असते, हें सर्व पाहावें लागतें. रेल्वेच्या तारेचे खांब रुळांच्या कडेनेंच उभे असत; पुरानें भराव वाहून नेला कीं रूळ आणि तार दोन्ही एकदम जात.

लातूर जिल्ह्यास हें निराळें शिकविण्याची गरज नाहीं. ३० सप्टेंबर १९९३ रोजीं, अनंत चतुर्दशीनंतरच्या पहांटे ३ वाजून ५६ मिनिटांनीं, किल्लारीच्या परिसरांत भूकंप झाला, आणि लातूर व त्या वेळचा उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत मिळून सुमारें दहा हजार माणसें दगावलीं. असल्या आपत्तींत जमिनीवरचे खांब व तारा यांचा भरंवसा धरतां येत नाहीं. त्या प्रसंगीं हौशी बिनतारी संदेशक आपले संच घेऊन आले आणि त्यांनीं निरोप पोहोंचविण्याची सेवा केली. त्यांच्या संचास गांवची तार लागत नाहीं, टेलिफोनची कचेरी लागत नाहीं. एक बॅटरी आणि उंचावर बांधलेली तार, एवढ्यावर तो बोलतो. नेहमींच्या दिवशीं ज्याकडे लोक केवळ छंद म्हणून पाहतात, तीच वाट त्या दिवशीं उपयोगी पडली. ती उपयोगी पडली याचें कारण एवढेंच कीं, ती मोडलेल्या वाटेपासून पूर्णपणें निराळी होती.

येथवर दुसऱ्या वाटेची थोरवी सांगितली; तिचा धोकाही सांगणें आमचें कर्तव्य आहे. जुन्या किल्ल्यांस मोठ्या दरवाज्याखेरीज एक चोरदरवाजा असे. वेढा पडला असतां आंतील लोकांस तो तारी; पण शत्रूस त्याचा पत्ता लागला, तर मोठ्या दरवाज्याचे सगळे खिळे व अडसर व्यर्थ होत. बीएमसी हा असाच चोरदरवाजा आहे. सर्व्हरवर त्याची सत्ता इतकी पूर्ण कीं, तो ज्याच्या हातीं गेला त्याच्या हातीं सर्व्हर गेला. डॅन फार्मर या अमेरिकन संशोधकानें २०१३ सालीं दाखवून दिलें कीं, आयपीएमआय या पद्धतींतच कांहीं मूलभूत दोष आहेत. ओळख पटण्यापूर्वींच विचारणाऱ्याच्या हातीं परवलीच्या शब्दाचा ठसा दिला जातो, हा त्यांतील एक. शिवाय अनेक ठिकाणीं हे पहारेकरी साऱ्या जगास उघड्या असलेल्या इंटरनेटवर, कारखान्यांतून आलेल्या मूळच्या परवलीच्या शब्दासह, तसेच उभे असतात.

म्हणून या वाटेचे कांहीं नियम आहेत. ती उघड्या इंटरनेटवर ठेवूं नये. तिचा परवलीचा शब्द प्रथमच बदलावा. कोण केव्हां आंत आला त्याची नोंद ठेवावी. आणि नेमक्या थोड्याच माणसांस तेथें प्रवेश असावा. त्याबरोबरच ठराविक दिवशीं ती वाट प्रत्यक्ष वापरून पाहावी. ज्या सिमचे पैसे भरले गेले नाहींत म्हणून तें बंद पडलें आहे, तें संकटाच्या रात्रीं कळून उपयोग काय? अडगळींतील कंदिलांत तेल आहे कीं नाहीं हें अमावास्येपूर्वींच पाहावें.

आणखी एक युक्ति येथें सांगूं. ती विद्यार्थ्यांस विशेष आवडेल. अनुभवी जाणकार दूरच्या राउटरमध्यें फेरफार करतांना त्यास आधीं असें बजावून ठेवतो कीं, "दहा मिनिटांच्या आंत सर्व ठीक असल्याचा माझा निरोप न आला, तर नवें सर्व टाकून दे आणि पूर्वस्थितीवर जा." फेरफार योग्य झाला तर तो निरोप पाठवितो आणि नवी व्यवस्था कायम होते. वाट तुटली तर निरोप जाऊं शकत नाहीं, आणि न गेलेला निरोप हाच यंत्रास इशारा होतो. दहा मिनिटांनीं तें आपली चूक आपणच पुसतें. जुनिपर कंपनीच्या यंत्रांत या आज्ञेची मुदत मूळचीच दहा मिनिटांची ठेविलेली आहे. ही युक्ति दुसऱ्या वाटेची जागा घेऊं शकत नाहीं, परंतु पुष्कळदां त्या वाटेनें जाण्याची पाळीच येऊं देत नाहीं. आपल्या हातून चूक होऊं शकेल, हें काम हातीं घेण्यापूर्वींच गृहीत धरणें, यास भित्रेपणा म्हणत नाहींत; ही कामाची शिस्त होय.

आतां आमच्या पालकवर्गास दोन शब्द. आपणांपैकीं फार थोड्यांच्या घरीं सर्व्हर असेल; परंतु प्रत्येकाच्या घरीं भ्रमणध्वनि आहे, आणि बहुतेकांची सगळी भिस्त आतां त्या एका उपकरणावर येऊन पडली आहे. बँकेचा संकेतांक त्यावर येतो, मुलांच्या शाळेचे निरोप त्यावर येतात, नातलगांचे क्रमांक त्यांतच असतात, आणि परवलीचा शब्द विसरल्यास नवा मिळविण्याचा मार्गही त्याच क्रमांकावरून जातो. तो हरवला, तर हरवल्याची तक्रार करण्यासाठीं लागणारा क्रमांकही त्याच्याबरोबर हरवतो. शेखचिल्लीची फांदी ती हीच. याला उपाय खर्चाचा नाहीं. घरांतील चार जिव्हाळ्याचे क्रमांक आणि बँकेचा तक्रारीचा क्रमांक एका वहींत शाईनें लिहून ठेवावे. खातीं पुन्हां उघडण्यासाठीं दुसरा क्रमांक देण्याची सोय असते, तेथें घरांतील दुसऱ्या विश्वासू माणसाचा क्रमांक द्यावा. महत्त्वाच्या कागदांची एक प्रत पेटींत ठेवावी. आणि वर्षांतून एक दोनदां, सर्व सुरळीत असतांनाच, या दुसऱ्या वाटेनें आपणांस खरोखर जातां येतें कीं नाहीं, हें मुलांसमवेत करून पाहावें.

विद्यार्थ्यांनींही या विद्येकडे पोटापाण्याच्या दृष्टीनें पाहण्यास हरकत नाहीं. हें काम दुरून करावयाचें असल्यामुळें तें करणारा माणूस मोठ्या शहरांतीलच असला पाहिजे असें नाहीं. त्यास पाहिजे तें नेटवर्कचें ज्ञान, बेताचें इंग्रजी, आणि रात्रीं तीन वाजतां पडद्यावर लाल अक्षरें उमटलीं असतां मन स्थिर ठेवण्याची संवय. आमच्या शाळेंतील जीं मुलें आज प्रयोगशाळेंत वीजमंडल जोडतांना कोणती तार कोठून आली हें धीरानें शोधीत बसतात, त्यांच्या अंगीं ही संवय लागतच असते.

अशा माणसाचें नांव कोठें छापून येत नाहीं. त्यानें राखलेली वाट महिनोन्महिने रिकामी पडून असते, आणि तिच्यावर खर्च कशाला, असा प्रश्न हिशेब तपासणारा दर वर्षीं विचारतो. त्याचें उत्तर पुण्याच्या दालनांत मिळत नाहीं. तें मिळतें तें सकाळीं जळकोटच्या कचेरींत, जेव्हां खिडकीपाशीं आलेल्या शेतकऱ्यास "उद्यां या" असें न सांगतां त्याचा उतारा हातांत देण्यांत येतो, आणि तो दुपारपूर्वीं आपल्या शेतावर परततो.